रंग सोडा, खवले बघा: प्रेअरीतलं जांभळं फूल ओळखताना

"गवतात उभं असतं, जांभळं असतं आणि दरवर्षी त्याच जागी उगवतं. कोणतं फूल हे?" अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांकडून उन्हाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग अशा शिकागोच्या उपनगरांत आपली माणसं भरपूर आहेत आणि तिथून गाडीने थोडं बाहेर पडलं की जपून ठेवलेली एखादी प्रेअरी, म्हणजे उंच गवताचं मोकळं मैदान, लागतेच. प्रश्नातल्या तिन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण तेवढ्यावरून उत्तर देता येत नाही. या वर्णनात बसणाऱ्या वनस्पती इलिनॉय-आयोवाच्या पट्ट्यात वीसाच्या वर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच एकमेकींच्या जवळच्या नातलगही नाहीत. एक सूर्यफुलाच्या कुळातली, दुसरी तुळशीच्या, तिसरी कडधान्यांच्या.

या लेखात त्यांतल्या एकीपाशी जरा जास्त रेंगाळायचं आहे. तिचं नाव ब्लेझिंग स्टार, शास्त्रीय नाव लायाट्रिस. लांब दांड्यावर जांभळ्या फुलांचा तुरा, पाकळ्या अशा दिसतच नाहीत, सगळीकडे नुसते केसर बाहेर आलेले. बहुतेक वेळा लोक विचारत असतात ते हेच फूल. ते ब्लेझिंग स्टार आहे एवढं कळणं सोपं, पण त्यातलं नेमकं कोणतं हे ठरवणं चांगलंच कठीण. या दोन्ही पायऱ्या एकदा कळल्या की बाकीची जांभळी मंडळी सरळ होतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट करायची, ती म्हणजे रंग विसरायचा. फुलांमधला जांभळा रंग बहुतेक करून अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. ही द्रव्यं वनस्पतींच्या असंख्य कुळांत आहेत, त्यामुळे रंग सारखा असला म्हणून नातं सिद्ध होत नाही. शिवाय एकाच जातीत फिकट गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंत छटा सापडतात, क्वचित पूर्ण पांढरं फूलही येतं. फूल जुनं झालं की रंग विटतो. मोबाइलचा कॅमेरा तर जांभळ्याला सर्रास निळ्याकडे ओढतो. समोर दिसलेलं फूल आणि फोटोतलं फूल यांचा रंग जुळला नाही तर स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेऊ नका. मधमाश्यांना निळा-जांभळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील रंग चांगला दिसतो, म्हणून वेगवेगळ्या कुळांतल्या फुलांनी आपापल्या वाटेने हाच रंग गाठला आहे. ओळखणाऱ्याच्या दृष्टीने रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा.

मग बघायचं काय? खोड, पानांची मांडणी, फूल उमलण्याची दिशा आणि फुलाखालचे हिरवे खवले. चारही गोष्टींना भिंग लागत नाही. बोटं आणि थोडा धीर पुरतो.

खोडापासून सुरू करू. खोड दोन बोटांत धरून हलकेच फिरवा. त्याला चार कडा लागल्या तर तुळशीच्या कुळाचा संशय घ्यायचा. तुळशीची काडी ज्यांनी तोडली आहे त्यांना हा चौकोनी स्पर्श सांगावा लागत नाही. प्रेअरीतली वाइल्ड बर्गमॉट, म्हणजे मोनार्डा फिस्टुलोसा, याच कुळातली. पानं समोरासमोर, चुरगाळली की तीव्र वास, फुलं फिकट जांभळी आणि खोडाच्या टोकाला गोल झुपक्यात. वास आला की काम संपलं. पण चौकोनी खोड म्हणजे तुळशीचंच कूळ, असा उलटा निष्कर्ष काढू नका. घाणेरीच्या कुळातल्या व्हर्व्हेनचं खोडही बऱ्याचदा चार कडांचं असतं. तिची फुलं बारीक, पाच पाकळ्यांची, लांब काडीसारख्या तुऱ्यावर खालून वर उमलत जातात. मोनार्डाची फुलं मोठी, दोन ओठांची, आणि तिला तुरा नसतो.

चौकोनी खोडाचा आणखी एक उमेदवार आहे आणि तो पाहुणा नाही, घुसखोर आहे. पर्पल लूसस्ट्राइफ, लिथ्रम सॅलिकेरिया. १९व्या शतकाच्या सुरुवातीला ही वनस्पती युरोपातून जहाजांत भार म्हणून भरलेल्या मातीतून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली आणि दलदली व्यापत गेली. मोठं झाड वर्षाला वीस लाखांहून जास्त बिया टाकू शकतं. ते आवरण्यासाठी १९९२ पासून तिची पानं खाणारे युरोपातले भुंगेरे अमेरिकेत मुद्दाम सोडले गेले. कित्येक राज्यांत हे रोप विकायलाच बंदी आहे. लांबून बघितलं तर हा तुरा ब्लेझिंग स्टारसारखाच वाटतो आणि गडबड होते ती इथेच. जवळ जाऊन एक फूल बघा. पाच ते सात सुट्या, सुरकुतलेल्या पाकळ्या स्पष्ट दिसतील. असं सुरकुतलेलं जांभळं फूल आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. महाराष्ट्राचं राज्यपुष्प ताम्हण आणि लूसस्ट्राइफ एकाच कुळातले. ताम्हणाची पाकळी आठवली तर लूसस्ट्राइफ चुकणार नाही. ब्लेझिंग स्टारला अशी मोजता येणारी सुटी पाकळी नसतेच.

आता पानं. समोरासमोर, एकाआड एक की एकाच पेराभोवती गोल? पेराभोवती चार-पाच पानांचं कडं असेल, जागा ओलसर असेल आणि वर फिकट गुलाबी-जांभळा मोठा झुबका असेल तर ती जो-पाय वीड. पानं एकाआड एक, लांबट, दातेरी आणि खोडाच्या टोकाला गडद जांभळ्या लहान फुलांचा पसरट छत्र-फुलोरा असेल तर आयर्नवीड, म्हणजे व्हर्नोनिया. आपल्याकडे शेताच्या बांधावर, अंगणाच्या कडेला उगवणारी सहदेवी आत्ताआत्तापर्यंत याच व्हर्नोनिया प्रजातीत धरली जायची. अलीकडे तिला वेगळं काढून सायँथिलियममध्ये टाकलं आहे. सहदेवी वीतभर किंवा फार तर गुडघ्यापर्यंत वाढते, तर मिडवेस्टची आयर्नवीड माणसाच्या उंचीला लागते. तरी दोघींचं एकेक फूल शेजारी ठेवलं तर नातं लपत नाही.

पान तीन ते सात बारीक पर्णिकांचं असेल आणि वर एक छोटा दंडगोल असेल, ज्याच्याभोवती जांभळ्या फुलांचं कडं खालून वर सरकताना दिसतं, तर ती पर्पल प्रेअरी क्लोव्हर, डेलिया पर्प्युरिया. ही कडधान्यांच्या कुळातली. जांभळ्यावर उठून दिसणारे नारिंगी-पिवळे परागकोश ही तिची पक्की खूण. तिची भावंड लेडप्लांट, अमॉर्फा कॅनेसेन्स. तिची पानं चिंचेसारखी अनेक जोड्यांची आणि राखाडी लव असलेली, आणि फुलाला पाकळी फक्त एक. पाचाऐवजी एकच पाकळी असणारं कडधान्यवर्गीय फूल एरवी सहसा बघायला मिळत नाही, म्हणून लेडप्लांट सापडलं तर जरा वाकून बघाच.

तीन पाकळ्या, गवतासारखी लांब पानं आणि दुपारपर्यंत मिटून जाणारी फुलं म्हणजे स्पायडरवर्ट, ट्रॅडेस्कॅन्शिया. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी किंवा भजी करतो तो केना याच कुळातला आणि त्याचंही फूल दुपार बघत नाही. ट्रॅडेस्कॅन्शियाच्या केसरांवरच्या बारीक केसांतल्या पेशी किरणोत्साराने बदलतात, निळ्याच्या गुलाबी होतात. त्यामुळे संशोधनात या वनस्पतीचा किरणोत्सार मोजायला वापर झाला आहे. फूल ओळखण्यासाठी याचा काही उपयोग नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कोनफ्लॉवर, म्हणजे एकिनेशिया, बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. मधे काटेरी, नारिंगी छटेचा उंचवटा आणि भोवती लोंबत्या पाकळ्या. पान रुंद आणि दातेरी असेल तर पर्प्युरिया. पान अरुंद, कडा सरळ, पाकळ्या फिकट आणि अगदी खाली लोंबलेल्या, पराग पांढरा असेल तर पॅलिडा. पराग पिवळा आणि जागा पश्चिमेकडच्या कोरड्या मैदानातली असेल तर अँगुस्टिफोलिया. परागाचा रंग बघायला बोट लावलं की पुरे.

ब्लेझिंग स्टारपाशी

ब्लेझिंग स्टारचं खोड गोल असतं, फांद्या सहसा नसतात, पानं अरुंद आणि एकाआड एक, खाली लांब आणि वर जाता जाता लहान होत गेलेली. वरचा तुरा दोन ते पाच फुटांपर्यंत उंच जाणाऱ्या दांड्यावर. हे वर्णन पुरेसं नाही, कारण खरी खूण तुरा कसा उमलतो त्यात आहे.

तुळशीची मंजिरी आठवा, आघाड्याचा तुरा आठवा. सगळे खालून वर फुलतात. सगळ्यात खालचं फूल आधी आणि टोक शेवटी. प्रेअरीतली व्हर्व्हेनही तशीच, लूसस्ट्राइफही तशीच. ब्लेझिंग स्टार मात्र वरून खाली फुलतो. टोक जांभळं झालेलं असतं तेव्हा बुडाच्या कळ्या हिरव्या असतात, आणि बुडाशी फुलं आली की टोक तपकिरी झालेलं असतं. उंच, जांभळा, फांद्या नसलेला तुरा आणि वरून खाली उमलणं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मिडवेस्टमध्ये जवळपास नाव ठरलंच. फुलांच्या व्यापाऱ्यांनाही हे सोयीचं पडतं. लायाट्रिस स्पायकाटा ही जात जगभर पुष्पगुच्छांसाठी पिकवतात. वरचा सुकलेला भाग कापून टाकला की खालचा ताजा तुरा अजून काही दिवस टेबलावर ठेवता येतो.

असं का होतं? याचं उत्तर या कुळाच्या रचनेत आहे. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांचं 'एक फूल' म्हणजे प्रत्यक्षात अनेक बारीक फुलांची एकत्र बैठक असते. सूर्यफुलाची पिवळी 'पाकळी' हेही एक स्वतंत्र फूल आणि मधल्या तबकडीतला प्रत्येक ठिपका हेही एक फूल. लायाट्रिसमध्ये पाकळीसारखी फुलं नसतात, फक्त तबकडीतली नळीसारखी फुलं असतात. म्हणून पाकळ्या शोधून सापडत नाहीत. जे धागे बाहेर आलेले दिसतात, ते प्रत्येक नळीतून निघालेले स्त्रीकेसराचे दोन लांब फाटे.

अशा अनेक बैठकी एका दांड्यावर रांगेने बसलेल्या आहेत. रोपाची वाढ टोकाला थांबते आणि टोकाची बैठक आधी पिकते, मग खालच्या पाळीपाळीने. गंमत अशी की एकाच बैठकीच्या आत हिशेब उलटा चालतो. तिथे बाहेरच्या कडेची फुलं आधी उमलतात आणि आतली नंतर, अगदी सूर्यफुलात होतं तसं. म्हणजे एकाच रोपावर दोन दिशांचे दोन क्रम एकाच वेळी चालू असतात. प्रत्यक्ष बघताना हे लक्षात ठेवलं नाही तर "वरून खाली फुलतं म्हणता आणि इथे तर कडेपासून आत फुलतंय" असा गोंधळ होतो.

आता कठीण भाग. मिडवेस्टच्या प्रेअरीत लायाट्रिसच्या अर्धा डझनाहून जास्त जाती सापडतात. लांबून सगळ्या एकच. इथे फुलाकडे बघणं सोडून फुलाच्या खाली बघायचं. प्रत्येक बैठकीला तळाशी हिरवट खवल्यांची वाटी असते. त्या खवल्यांचा आकार, टोक आणि कड यांवरून जात ठरते. हे खवले जांभळ्या झुबक्याखाली दडलेले असतात आणि आपण फोटो समोरून किंवा वरून काढतो, त्यामुळे बहुतेक फोटोंत नेमका हाच भाग नसतो. माझ्या मते ओळख चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, ज्ञान कमी असणं नव्हे.

लायाट्रिस अॅस्पेरा, रफ ब्लेझिंग स्टार. हिची खूण एकदा बघितली की डोळ्यांत बसते. खवले गोल टोकाचे, बाहेरच्या बाजूला वळलेले आणि भाजलेल्या पापडासारखे फुगवटे आलेले. कड पातळ, फाटल्यासारखी, बऱ्याचदा गुलाबी झाक असलेली. बैठकी गोलसर, एकमेकींपासून थोड्या अंतरावर आणि दांड्याला जवळजवळ चिकटलेल्या. ही कोरड्या, रेताड किंवा टेकाडावरच्या प्रेअरीत येते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते.

लायाट्रिस पिक्नोस्टॅकिया, प्रेअरी ब्लेझिंग स्टार. हिच्या बैठकी लहान आणि इतक्या दाटीने बसलेल्या की दांडा दिसत नाही. एका बैठकीत फुलं पाच ते दहाच्या आसपास, अॅस्पेरापेक्षा बरीच कमी. खवल्यांची टोकं निमुळती आणि बाहेर उलटी वळलेली, दांड्यावर लव. ओलसर काळ्या मातीची प्रेअरी हे हिचं घर. मोठ्या प्रेअरीत जुलै-ऑगस्टमध्ये जांभळा पट्टा दिसला की बऱ्याचदा तो हिचाच असतो.

लायाट्रिस स्पायकाटा, म्हणजे गुच्छातली तीच. तुरा पिक्नोस्टॅकियासारखाच दाट, त्यामुळे या दोघींत घोटाळा होतो. फरक बोटांनी कळतो. स्पायकाटाचा दांडा गुळगुळीत असतो आणि खवले बोथट टोकाचे, बैठकीला घट्ट चिकटून बसलेले, बाहेर वळत नाहीत. लेक मिशिगनच्या आसपासच्या ओल्या रेताड जागांत ती रानात आढळते, पण बागांमध्येही तीच लावलेली असते. त्यामुळे घराच्या कुंपणालगत लायाट्रिस दिसला तर आधी स्पायकाटाचा विचार करा.

लायाट्रिस लिग्युलिस्टायलिस, मेडो ब्लेझिंग स्टार. बैठकींना स्पष्ट देठ असतात आणि खवल्यांची कड लालसर-जांभळी, दातेरी, पण अॅस्पेरासारखे फुगवटे नसतात. हिचा प्रदेश विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि डकोटाकडचा. मोनार्क फुलपाखरांना ही जात इतकी आवडते की फुलपाखरांसाठी बाग लावणारे हिची रोपं खास शोधत फिरतात. इलिनॉयच्या बाजूला देठ असलेल्या बैठकी दिसल्या म्हणजे लिग्युलिस्टायलिसच, असं मात्र नाही. लायाट्रिस स्कॅरिओसा नावाची आणखी एक जात विरळ झाडीच्या कडेला येते, तिलाही देठ असतात. तिथे खोडावरची पानं बघायची. स्कॅरिओसाच्या इलिनॉयमधल्या रूपात ती खूप आणि दाट असतात.

कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या जमिनीवर गुडघ्याएवढं रोप, मोजक्याच लांबोडक्या बैठकी आणि घट्ट बसलेले, टोकाला अचानक अणकुची काढलेले खवले असतील तर सिलिंड्रेशिया. नेब्रास्का-कॅन्ससच्या पुढची कोरडी मैदानं आणि पानांवर बारीक ठिपके असतील तर पंक्टाटा.

ही सगळी नावं पाठ करायची गरज नाही. खवल्यांचं टोक गोल की टोकदार, बाहेर वळलेलं की चिकटलेलं, आणि बैठकीला देठ आहे की नाही, एवढं बघितलं तरी यादी दोन-तीन नावांवर येते. याच खवल्यांमुळे आणखी एक घुसखोर पकडता येतो. रस्त्याकडेच्या खडीत उगवणाऱ्या स्पॉटेड नॅपवीडलाही जांभळी, पाकळ्या नसल्यासारखी फुलं येतात. तिच्या खवल्यांच्या टोकांना काळी झालर असते, रोप फांद्याळ असतं आणि पानं कातरलेली. लायाट्रिसमध्ये यातलं काहीच नसतं.

या जातींची नावं देणाऱ्या मंडळींनाही हा प्रकार सोपा गेलेला नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली स्पायकाटाला नाव दिलं, तेव्हा तिला युरोपातल्या सेराट्युला या वेगळ्याच प्रजातीत बसवलं होतं. जांभळी, काटे नसलेली, पाकळ्या नसल्यासारखी फुलं बघून त्याला ते पटलं असावं. अॅस्पेरा आणि पिक्नोस्टॅकिया ही नावं फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो याची. तो १७९५ साली इलिनॉयच्या प्रदेशात फिरला होता. ही नावं असलेलं त्याचं पुस्तक छापून आलं १८०३ साली. त्याच्या आदल्याच वर्षी मिशो मादागास्करमध्ये मरण पावला होता.

'दरवर्षी त्याच जागी' म्हणजे काय

वनस्पती बहुवर्षायू आहे हे न उपटता कसं कळणार? पहिली खूण म्हणजे आदल्या वर्षीची सुकलेली काडी. नव्या दांड्याच्या बुडाशी जुनी, राखाडी, मोडकी काडी असेल तर मूळ जुनं आहे. लायाट्रिसच्या बहुतेक जातींत जमिनीखाली एक कडक कंद असतो आणि वरचं सगळं थंडीत मरून गेलं तरी त्या कंदावरचा कोंब शाबूत राहतो. पंक्टाटाचं मूळ मात्र सरळ खाली जातं. नेब्रास्का विद्यापीठातल्या जॉन वीव्हर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रेअरीत खंदक खणून मुळं मोजली, त्यात या जातीची मुळं पंधरा फुटांच्या पलीकडे गेलेली आढळली. वर रोप जेमतेम दोन फुटांचं.

हे सगळं आगीशी आणि बर्फाशी जुळवून घेण्यासाठी. प्रेअरी काही वर्षांनी जळते. पूर्वी विजेने आणि मूळनिवासी समाजांनी लावलेल्या आगींनी जळायची, आता राखीव प्रेअरीत माणसं ठरवून, वारा बघून आग लावतात. आग लावली नाही तर झुडपं आणि झाडं गवताला झाकून टाकतात. कोंब मातीखाली असल्यामुळे लायाट्रिस, प्रेअरी क्लोव्हर, लेडप्लांट यांना आगीने नुकसान होत नाही, उलट मोकळा उजेड मिळतो. प्रेअरीला घातक ठरला तो नांगर. १८३७ साली जॉन डिअर याने इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर इथे पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि तोवर लोखंडी फाळाला चिकटून बसणारी ही चिकट काळी माती नांगरता येऊ लागली. आज इलिनॉयमध्ये मूळ प्रेअरीचा हजारात एक भागही उरलेला नाही. जी उरली ती रेल्वेच्या कडेला, जुन्या दफनभूमींत आणि नांगर चालणार नाही अशा खडकाळ उतारांवर.

म्हणूनच आज दिसणारी बरीच प्रेअरी नव्याने लावलेली आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वनस्पती-उद्यानात, हे काम १९३०च्या दशकात सुरू झालं. इलिनॉयमधल्या बटाव्हियाच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कणांचा वेग वाढवणाऱ्या यंत्राच्या वर्तुळाच्या आत प्रेअरी पेरली. जोलिएटजवळचं मिडेविन म्हणजे पूर्वीचा दारूगोळ्याचा कारखाना. १९९६ साली तिथे राष्ट्रीय प्रेअरी जाहीर झाली. फूल ओळखायच्या दृष्टीने याचा एक तोटा आहे. जागेवरून अंदाज बांधणं हे एरवी भरवशाचं साधन. ओल्या काळ्या मातीत पिक्नोस्टॅकिया, कोरड्या रेतीत अॅस्पेरा. पण आयोवातल्या रस्त्यांच्या कडेला किंवा एखाद्या शाळेच्या आवारात बियांचं मिश्रण पेरलेलं असेल तर कोणती जात कुठून आली याचा नियम राहत नाही. लावलेल्या प्रेअरीत जागेचा पुरावा थोडा बाजूला ठेवायचा आणि खवल्यांवर विश्वास ठेवायचा.

मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या अॅपचंही असंच आहे. आयनॅचरलिस्ट किंवा सीकला लायाट्रिसचा बरा फोटो दाखवला तर 'लायाट्रिस' इथपर्यंत ते सहसा नीट पोचतं. पुढच्या जातीच्या नावावर मात्र खवले दिसत नसतील तर ते अंदाजच करतं आणि तो अंदाजही ठामपणे सांगितल्यासारखा दिसतो. अॅपला, किंवा जाणकार माणसाला, उपयोगी पडतील असे फोटो काढायचे तर संपूर्ण रोपाचा एक, एका बैठकीचा बाजूने एक, दांड्यावर लव दिसेल असा एक आणि खालच्या पानाचा एक. बाजूने काढलेला तो दुसरा फोटो बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मोलाचा. फूल तोडू नका, राखीव प्रेअरीत ते बेकायदेशीर असतं आणि ओळखीसाठी त्याची गरजही नाही.

आणि तरीही कधी कधी जुळत नाही. लायाट्रिसच्या जाती शेजारी शेजारी असल्या तर त्यांच्यात संकर होतो. अॅस्पेरा आणि सिलिंड्रेशिया एकाच टेकाडावर असल्या तर मधल्या रूपाची रोपं सापडतात, खवले थोडे हिचे, थोडे तिचे. अशा वेळी 'लायाट्रिस, बहुधा संकर' एवढंच लिहून पुढे जाणं हेच बरोबर उत्तर असतं. ओढूनताणून जातीचं नाव चिकटवलं तर नोंद बिघडते.

फुलांचा हंगाम चुकला असेल तरी काम अडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात बैठकी सुकून बिया उडायला तयार होतात आणि प्रत्येक बीला वाऱ्यावर उडण्यासाठी केसांचा झुबका असतो. त्यातला एकच केस उजेडाकडे धरून बघा, इथे मात्र भिंग असलेलं बरं. केसाला दोन्ही बाजूंनी लांब धागे फुटून पिसासारखा दिसत असेल तर सिलिंड्रेशिया, पंक्टाटा किंवा स्क्वारोसा नावाची आणखी एक जात यांचा गट. नुसते आखूड काटे असतील तर अॅस्पेरा, पिक्नोस्टॅकिया, स्पायकाटा, लिग्युलिस्टायलिस यांचा. सुकलेल्या बैठकीवर खवलेही तसेच टिकून असतात, त्यामुळे अॅस्पेराचे फुगवटे आणि पिक्नोस्टॅकियाची उलटी टोकं नोव्हेंबरातल्या तपकिरी तुऱ्यावरही तपासता येतात.